हजार पोरांचा बापू

ही गोष्ट तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कधी ना कधी आलेली असणार. दुसरं महायुद्ध चालू आहे. पोलंडच्या अनाथ मुलांनी भरलेलं एक जहाज समुद्रात भटकतंय. एकही देश त्याला बंदरात घेत नाही. मुंबईतही इंग्रज नाही म्हणतात. मग एक भारतीय महाराजा पुढे येतो आणि सगळ्या मुलांना आपल्या राज्यात उतरवून घेतो. खाली तिरंगा, जोडलेले हात आणि पुढे पाठवायची विनंती.

गोष्ट वाचायला भारी वाटते. पण तिच्यातलं जहाज खोटं आहे. महाराजा मात्र खरा आहे, मुलंही खरी आहेत, आणि खरी हकीकत या फॉरवर्डपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे. ती आज वाचायचं कारण म्हणजे, समुद्रातून लोक येऊन किनाऱ्याला लागले की सरकारनं त्यांचं करायचं काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्या भागात तर समुद्र दिसतही नाही. पण एका रात्रीत घर गेलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे किल्लारी आणि आसपासच्या गावांना कुणी शिकवायची गरज नाही.

या महाराजाचं नाव दिग्विजयसिंहजी रणजितसिंहजी जाडेजा. नवानगरचे जामसाहेब. नवानगर म्हणजे आजचं गुजरातमधलं जामनगर.

क्रिकेटपटू काका, फौजी पुतण्या

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा. त्यांचे काका तुम्हाला नक्की माहीत आहेत, कारण रणजी ट्रॉफी त्यांच्याच नावाची. इंग्लंडकडून कसोटी खेळलेले रणजितसिंहजी हे नवानगरचे राजे होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून पुतण्या वारस झाला. राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग इंग्लंडमधलं माल्व्हर्न कॉलेज, असं दिग्विजयसिंहजींचं शिक्षण झालं. त्यानंतर ते सैन्यात गेले, तिथे काही वर्षं काढली, आणि १९३३ मध्ये काका वारल्यावर गादीवर बसले.

काकांसोबत तरुणपणी युरोपात राहायला मिळालं, त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे. रणजितसिंहजी राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला जायचे. तिथेच पोलंडचे जगप्रसिद्ध पियानोवादक आणि माजी पंतप्रधान इग्नात्सी पाडेरेव्हस्की यांच्याशी या कुटुंबाची ओळख झाली, असं सांगितलं जातं. म्हणजे पोलंड हा देश या राजाला नकाशावर शोधावा लागत नव्हता.

क्रिकेट घरातच होतं. १९३६-३७ ची रणजी ट्रॉफी नवानगरच्या संघानं जिंकली आणि १९३७-३८ मध्ये दिग्विजयसिंहजी क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. याच सुमारास ते नरेंद्र मंडळाचे, म्हणजे देशभरच्या संस्थानिकांच्या मंडळाचे चॅन्सेलर झाले. १९४२ मध्ये लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळात भारताचे एक प्रतिनिधी म्हणून बसायला त्यांना बोलावलं गेलं. थोडक्यात, हा माणूस इंग्रजांच्या आतल्या गोटातला होता. गांधीजी छोडो भारतची हाक देत होते तेव्हा जामसाहेब इंग्रजांच्या युद्धात इंग्रजांच्या बाजूला उभे होते. हे लपवून त्यांचं चरित्र लिहिता येत नाही. गंमत अशी की मुलांसाठी दार उघडायला हीच ओळख कामी आली.

मुलं आली कुठून?

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना पुढच्या दोन वर्षांत मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं गेलं. थंडी, उपासमार, टायफस. आईबाप मेले, पोरं उरली.

जून १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत युनियनवरच उलटला आणि राजकारण फिरलं. जुलैत लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. पकडून नेलेल्या पोलिश लोकांना सोडायचं ठरलं, त्यांच्यातून जनरल अँडर्स यांची फौज उभी राहू लागली. १९४२ च्या मार्च-एप्रिल आणि ऑगस्टमध्ये ही फौज आणि तिच्यासोबतची बायकापोरं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला गेली. क्रास्नोव्होद्स्क बंदरातून निघालेल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या बोटी पहलवी बंदराला लागल्या. एका लाखाहून जास्त माणसं या मार्गानं बाहेर पडली. समुद्रातून आलेले निर्वासित हेच. फक्त समुद्र वेगळा होता, आणि इराणनं त्यांना उतरू दिलं होतं.

भारतात आलेली मुलांची पहिली तुकडी मात्र जहाजानं आलीच नाही. मुंबईतले पोलंडचे वाणिज्यदूत युजेनियुश बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी धडपड करून मदतीचं सामान घेतलेल्या लॉऱ्या थेट अश्गाबातपर्यंत पाठवल्या. येताना त्याच लॉऱ्यांत मुलं बसली. मेशेद, झाहेदान, मग बलुचिस्तानातून क्वेट्टा, पुढे रेल्वे. दीडशेहून जास्त मुलं वसंत ऋतूत मुंबईत पोचली आणि वांद्र्याला काही आठवडे राहिली. पोटं खपाटीला गेलेली, अंगावर चिंध्या, खिशात सुकलेल्या पावाचे तुकडे लपवायची सवय.

सरकारचे चार प्रश्न

इथे जरा थांबा आणि स्वतःला दिल्लीतल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवून बघा. साल १९४२. जपाननं ब्रह्मदेश घेतलाय. तिथून काही लाख भारतीय जंगलातून पायी इकडे येताहेत. धान्य कमी, रेल्वे लष्करानं व्यापलेली. अशात परक्या देशाची पोरं आली तर तुमच्यासमोर चार प्रश्न उभे राहतात. ठेवायचं कुठे? खर्च कुणाचा? किती दिवस? आणि त्यांच्या वतीनं सही कोण करणार?

जगातलं कुठलंही निर्वासित धोरण उघडून बघा, फिरून फिरून हेच चार प्रश्न येतात. उत्तरं मात्र देशागणिक बदलतात. १९३९ मध्ये सेंट लुईस नावाचं जहाज ९३७ प्रवासी घेऊन जर्मनीहून क्युबाला गेलं. जवळपास सगळे ज्यू. क्युबानं मोजक्यांना उतरवलं, अमेरिकेनं कुणालाच नाही. जहाज युरोपला परतलं आणि त्यातल्या अडीचशेहून अधिक लोकांचा पुढे नाझींच्या काळात बळी गेला. बंदर बंद ठेवणं हाही धोरणाचा एक पर्याय असतो, आणि त्याची किंमत अशी मोजता येते.

जामसाहेबांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमिनीनं दिलं. जामनगरजवळ कच्छच्या आखाताकाठी बालाचडी नावाचं गाव आहे. तिथे त्यांचा उन्हाळी महाल होता. त्याच्या शेजारी त्यांनी छावणी उभी करून दिली आणि जुलै १९४२ मध्ये मुलं तिथे राहायला आली. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी नरेंद्र मंडळातलं आपलं वजन वापरलं. पतियाळा, बडोदा अशा संस्थानांकडूनही मदत आली. त्यामुळे सरकारी तिजोरीवर भार पडतो हा आक्षेपच लंगडा झाला.

बालाचडीतली चार वर्षं

दोन-तीन वर्षांच्या लेकरापासून सतरा वर्षांच्या पोरापोरींपर्यंत सगळे तिथे होते. चार वर्षांत तिथे राहून गेलेल्यांची संख्या हजाराच्या घरात सांगतात. जामसाहेबांनी पहिल्याच भेटीत मुलांना सांगून टाकलं, की तुम्ही आता अनाथ नाही, तुम्ही नवानगरचे आहात आणि मी तुमचा बापू. काठियावाडात बापू म्हणजे बाप, आणि राजालाही लोक बापूच म्हणतात. मुलांनी तो शब्द शब्दशः घेतला.

छावणीत शाळा पोलिश भाषेत होती. शिक्षक पोलिश, प्रार्थना पोलिश, पोलंडचा झेंडा रोज चढायचा. फादर फ्रान्चिशेक प्लुता हे छावणीचे प्रमुख होते. नाताळ साजरा व्हायचा, नाटकं बसवली जायची, लोकनृत्यं व्हायची आणि जामसाहेब पहिल्या रांगेत बसून बघायचे. फुटबॉल, हॉकी जोरात. यात एक बारीक पण फार महत्त्वाचा निर्णय आहे. मुलांना गुजराती किंवा इंग्रज बनवायचा प्रयत्न झाला नाही. उद्या परत जायचं झालं तर आपली भाषा येत असली पाहिजे, हे धरून सगळी आखणी होती.

पालकाचा किस्सा तर तिथे वाढलेल्यांनी म्हातारपणापर्यंत सांगितला. जेवणात सारखा पालक यायचा. पोरं वैतागली आणि त्यांनी तो खायचा नाही असं ठरवून टाकलं. बातमी महालात गेली. जामसाहेबांनी चौकशी समिती वगैरे नेमली नाही, पालक बंद करायला सांगितला. तुमच्यापैकी जे होस्टेलच्या मेसमध्ये जेवतात त्यांना या निर्णयाचं मोल कळेल.

महाराष्ट्रातलं छोटं पोलंड

आता आपल्या राज्यात या. मुलांनंतर मोठ्या संख्येनं बायका, म्हातारी माणसं आणि कुटुंबं इराणमधून निघाली. हे लोक मात्र खरोखर समुद्रानं आले, इराणच्या आखातातून कराचीला. कराचीत त्यांच्यासाठी तात्पुरत्या छावण्या होत्या. तिथून काहींना पूर्व आफ्रिकेत, काहींना मेक्सिकोला पाठवलं गेलं. ७३३ मुलं मुंबई बंदरातून पुढे न्यूझीलंडला गेली आणि १ नोव्हेंबर १९४४ ला वेलिंग्टनला उतरली. आणि सुमारे ५००० जण आले कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला.

१९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं वळिवडे हे छोटं पोलंड होतं. ओळीनं बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, दुकानं, सिनेमा. खर्च लंडनच्या पोलिश सरकारच्या नावावर. आज आपण ज्याला जबाबदारी वाटून घेणं म्हणतो, ते तेव्हा असं झालं. एका देशानं उतरवून घेतलं, दुसऱ्यानं काही काळ ठेवलं, तिसऱ्यानं कायमचं घेतलं.

पण गोड गोड वाटून घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९४३ मध्येच बंगालमध्ये दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली. ब्रह्मदेशातून पायी येणाऱ्या भारतीयांना वाटेत गोऱ्यांपेक्षा वाईट वागणूक मिळाली, ही त्या काळातली नोंदलेली गोष्ट आहे. पोलिश लोक दोस्त राष्ट्राचे होते, युरोपीय होते, त्यांच्या पाठीशी एक सरकार होतं. म्हणून त्यांच्यासाठी यंत्रणा हलली. याचा दोष त्या पोरांचा अजिबात नाही. पण कुणासाठी दार उघडतं आणि कुणासाठी नाही, हे ठरताना माणसाची गरज सोडून इतर बरंच काही मोजलं जातं, हे या गोष्टीतून दिसतं.

सहीचा प्रश्न

राहिलेले दोन प्रश्न, किती दिवस आणि सही कुणाची, १९४५ मध्ये एकदमच उभे ठाकले. युद्ध संपलं, पण पोलंड सोव्हिएत पंखाखाली गेला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढली आणि वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. म्हणजे मुलांच्या वतीनं बोलणारं सरकारच बदललं. नव्या सरकारला मुलं परत हवी होती. ज्या सत्तेनं आईबापांना सायबेरियात नेलं, तिच्याच छायेतल्या अनाथालयात ही पोरं जाणार होती.

कायद्यानं बघितलं तर अनाथ मुलाचा पालक त्याचा देश. मग जामसाहेबांनी कागदालाच कागदानं उत्तर दिलं. त्यांनी, फादर प्लुता यांनी आणि संपर्क अधिकारी मेजर जेफ्री क्लार्क यांनी मिळून मुलांना दत्तक घेतल्याचा दस्त केला. आता मुलं अनाथच नव्हती, मग कुणी कशाच्या आधारावर मागणार? ज्यांना परत जायचं होतं ते गेले. ज्यांना नको होतं त्यांना वेळ मिळाला.

माझ्या मते जामसाहेबांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हे आहे. जमीन देणं, जेवण देणं हे मन मोठं असलं की जमतं. पण ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याच्यासाठी कायद्यातली जागा शोधणं, त्याला डोकं लागतं आणि जोखीमही घ्यावी लागते. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली. उरलेली मुलं वळिवड्याला आली आणि तिथून ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली.

राजा राज्य सोडतो

१९४७ मध्ये जामसाहेबांनी भारतात विलीन व्हायच्या करारावर सही केली. फेब्रुवारी १९४८ मध्ये काठियावाडातली संस्थानं एकत्र येऊन सौराष्ट्र राज्य झालं आणि ते त्याचे राजप्रमुख झाले. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांत भारताच्या शिष्टमंडळात त्यांनी काम केलं. कोरियाच्या पुनर्वसनासंबंधीच्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. म्हणजे बेघर माणसांचा विषय बालाचडीबरोबर सुटला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला सौराष्ट्र द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि त्यांचं पद संपलं. त्याच दिवशी हैदराबाद राज्यातून मराठवाडाही त्याच मुंबई राज्यात आला. म्हणजे १९६० पर्यंत जामनगर आणि किल्लारी एकाच राज्यात होते. ३ फेब्रुवारी १९६६ ला मुंबईत जामसाहेब वारले. बालाचडीच्या जागेवर आता सैनिक स्कूल आहे. वॉर्सामध्ये २०१३ पासून एका चौकाला भल्या महाराजाचं नाव आहे, आणि तिथली एक शाळा त्यांना आपला आश्रयदाता मानते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्साला गेले तेव्हा त्यांच्या नावानं पोलिश तरुणांसाठी एक कार्यक्रम जाहीर झाला. भारतात मात्र बहुतेकांना ते त्या खोट्या जहाजामुळेच माहीत आहेत.

मग आपल्याला काय?

वळिवड्याच्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश लोक गेले आणि फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहिले. तेच आजचं गांधीनगर, कपड्यांच्या बाजारासाठी तुम्हाला माहीत असलेलं. कराचीहून हजारो सिंधी कुटुंबं जहाजांनी मुंबईला उतरली होती. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांना ठेवलं, आणि त्याच छावण्यांचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. पोलिश लोकांना जाण्यासाठी ठेवलं होतं, सिंधी लोकांना राहण्यासाठी. दोन्ही धोरणं एकाच राज्यात, काही ठिकाणी एकाच बराकीत झाली.

त्यानंतर भारतानं यासाठी वेगळा कायदा केला नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपली सही नाही. श्रीलंकेतून १९८३ नंतर बोटींनी आलेल्या तमिळांना रामेश्वरमजवळच्या मंडपम छावणीत जागा मिळाली. रोहिंग्यांच्या वाट्याला तसं स्वागत आलं नाही. ऑस्ट्रेलियानं २००१ पासून बोटीनं येणाऱ्यांना नाऊरूसारख्या दूरच्या बेटावर ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक सरकारकडे आपापली कारणं असतात आणि ती सगळीच खोटी नसतात. सीमा सांभाळणं, माणसं फसवून बोटीत भरणाऱ्या दलालांना रोखणं, स्थानिकांच्या रोजगाराची काळजी, हे खरे मुद्दे आहेत. पण कायदा नसला की जो येईल त्याचं नशीब त्या वेळच्या मर्जीवर ठरतं. बालाचडीच्या मुलांना जामसाहेब भेटले. प्रत्येक बोटीला एक जामसाहेब भेटेल असं कुठलंच धोरण धरून चालू शकत नाही.

आता आपल्याकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही, पण घरातल्या मोठ्यांनी पाहिली आहे. विसर्जनाची रात्र सरली होती, चारच्या आधी जमीन हलली आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर पत्र्याची शेड, मग ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेनं इथली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. ठेवायचं कुठे, खर्च कुणाचा, किती दिवस, सही कुणाची, हे चारही प्रश्न तेव्हा आपल्या माणसांसमोर होते. फरक एवढाच, की आपल्याला दार ठोठवावं लागलं नाही. आपण याच देशाचे होतो, म्हणून ते उघडंच होतं.

म्हणून पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला की त्या मुलाला सांगा, जहाज खोटं आहे. आणि घरी आजीला विचारा, शेडमध्ये किती दिवस काढले, आणि त्या दिवसांत कुणाची आठवण राहिली. ज्यांनी ब्लँकेट फेकून फोटो काढला त्यांची, की जो परत परत येत राहिला त्याची? बालाचडीची पोरं ऐंशी-नव्वदीची होईपर्यंत बापूंचं नाव घेत राहिली, ते काही फक्त पहिल्या दिवशीच्या जेवणामुळे नाही. तो माणूस चार वर्षं येत राहिला आणि शेवटी त्यानं त्यांच्यासाठी सही केली.